कॉफी केकमध्ये कॉफी का नसते, आणि स्ट्रूसलला मराठीत काय म्हणावं

धुळ्याच्या एका ताईंनी विचारलंय. त्या घरून केकच्या ऑर्डरी घेतात, आता मेन्यू कार्ड मराठीत छापायचंय, त्यात एक मॉइस्ट कॉफी केक आहे ज्याच्यावर स्ट्रूसलचं, म्हणजे मैदा, साखर आणि बटर चोळून केलेल्या दाण्यांचं, टॉपिंग असतं. तर लोक खाऊन झाल्यावर विचारतात की यात कॉफी कुठंय, स्ट्रूसलला ‘चुरा’ लिहिलं तर तो केक कोणी घेत नाही, आणि मॉइस्टला ‘ओलसर’ लिहिलं तर एका गिऱ्हाईकानं सरळ विचारलं, कच्चा राहिलाय का? ताई, तुमच्या प्रश्नानं मी दोन दिवस दुसरा विचारच केला नाही, कारण हा केक मी जळगावात बरीच वर्षं करतेय आणि हे तिन्ही शब्द मलाही अडलेत.

कॉफीचं आधी सांगते कारण ते सोपंय. शाळेत समास शिकलो ना, तो इथं कामाला येतो. पुरणपोळी म्हणजे पुरण घालून केलेली पोळी, साखरभात म्हणजे साखर घालून केलेला भात, हा मध्यमपदलोपी. आणि पोळपाट म्हणजे पोळीसाठी पाट, गायरान म्हणजे गाईसाठी रान, हा चतुर्थी तत्पुरुष. पोळपाटात पोळी घातलेली नसते तशी अमेरिकन कॉफी केकात कॉफी घातलेली नसते, तो कॉफीसोबत खायचा केक, कॉफीसाठीचा केक. जर्मनीत दुपारी कॉफी आणि केक घ्यायची पद्धत आहे, तिकडची माणसं अमेरिकेत गेली तशी ती सवयही गेली. पण इंग्लंडमध्ये कॉफी केक मागितलात तर खरंच कॉफी घातलेला, बहुतेक वेळा अक्रोड लावलेला केक समोर येतो, म्हणजे तिथं तोच समास पुरणपोळीच्या जातीचा झाला! शब्द तेच दोन, विग्रह दोन. त्यामुळे तुमची गिऱ्हाइकं चुकत नाहीयेत, ती कॉफी केक हा शब्द पुरणपोळीसारखा वाचतायत, आणि मराठी माणूस खायच्या पदार्थाचं नाव तसंच वाचणार. ‘कॉफीचा केक’ लिहूनही सुटत नाही कारण आपला ‘चा’ दोन्हीकडं चालतो, चहाचा मसाला चहात जातो आणि चहाचं बिस्कीट चहाबरोबर येतं (बुडवलं तर चहात जातं, ते वेगळं). म्हणून कार्डावर ‘कॉफीसोबतचा’ असं पूर्ण लिहा, दोन अक्षरं जास्त लागली तरी चालतील.

आता स्ट्रूसल. हा शब्द जर्मन आहे, तिकडे उच्चार साधारण श्ट्रॉयझल असा होतो, आपल्याकडे इंग्रजीतून आला म्हणून स्ट्रूसल. स्ट्रुडल वेगळं हं, तो गुंडाळी केलेला पदार्थ आणि त्या शब्दाचा जर्मन अर्थ पाण्यातला भोवरा, कार्डावर एका अक्षराची चूक झाली तर पदार्थच बदलतो. स्ट्रूसल निघालंय श्ट्रॉयन या क्रियापदापासून, म्हणजे विखरून टाकणं, पेरणं. त्याला ‘झल’ असा शेपूट लावून नाम केलंय, जे विखरायचं ते. आपल्याकडे हेच काम ‘ण’ करतो, बघा, दळायचं ते दळण, वाटलेलं ते वाटण, पुरायचं ते पुरण, विरजायचं ते विरजण. किती सरळ आहे ना.

आणि या क्रियापदाचं मूळ खणत गेलं की ते आपल्या अंगणात निघतं. इंग्रजीतला स्ट्रॉ, म्हणजे गवताची काडी, तो याच कुळातला, जमिनीवर पसरायचं म्हणून स्ट्रॉ, आणि आपण उसाच्या रसात घालतो त्या नळीलाही नाव तिथूनच मिळालं. संस्कृतात याचा भाऊ म्हणजे स्तृ धातू, पसरणं, अंथरणं. त्यातून विस्तार आला, होमाच्या वेळी गुरुजी अग्नीभोवती दर्भ मांडतात ते परिस्तरण आलं, आणि आस्तरण प्राकृतातून घासत घासत आपल्याकडे आलं ते अंथरूण होऊन. म्हणजे ज्याच्यावर आपण रात्री झोपतो ते अंथरूण आणि केकवरचं स्ट्रूसल हे लांबचे नातेवाईक आहेत. नंदुरबारच्या पलीकडं गेलात की गुजरातीत पाथरवुं म्हणतात, अंथरणं या अर्थानं, तेही याच धातूचं. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी ओट्यापाशी पिठाचे हात तसेच धरून उभी होते, आणि तेव्हापासून टिनमध्ये ते पसरताना अंथरूण घातल्यासारखंच वाटतं, कोपरे आधी, मग मधलं.

बरं मग मराठी शब्द कोणता. ताई, ‘चुरा’ कोणी का घेत नाही ते सांगते. चुरा, भुगा, कुस्करा, आपल्याकडचे भाकरीचे कुटके, हे सगळे शब्द आधी काहीतरी अख्खं होतं आणि ते मोडलं असं सांगतात. बट्टीचा चुरमा घ्या, आधी बट्टी होते, ती तळली किंवा भाजली जाते, मग ती कुस्करून त्यात तूप-गूळ, म्हणजे चुरमा झाला तरी आधी ती बट्टी होतीच. बिस्किटाच्या पुड्याच्या तळाशी चुरा उरतो. चुरा म्हटलं की उरलेलं, तळाचं असं डोक्यात येतं. स्ट्रूसल कधी अख्खं नसतंच, ते पहिल्यापासून दाणेदार करायचं असतं आणि ते वरच्या मानाच्या जागी बसतं. पण हेही सांगायला हवं की सगळ्यांनी जर्मनांसारखा विचार केला नाही. सायलेशिया म्हणून जो भाग आहे, जिथला स्ट्रूसलचा केक नावाजलेला आणि जो आज बहुतेक पोलंडमध्ये येतो, तिथं पोलिशमध्ये याला क्रुशोन्का म्हणतात आणि ते नाव कुस्करण्यावरून आलंय. इंग्रजांचं क्रम्बलही तसंच. म्हणजे एकाच पदार्थाला एकानं हाताच्या पसरण्यावरून नाव दिलं, दुसऱ्यानं बोटांच्या चोळण्यावरून. दोन्ही खरं आहे. पण मराठीत कुस्करण्याच्या बाजूचे शब्द शिळ्या पोळीनं आधीच अडवून ठेवलेत, तेव्हा आपण पसरण्याच्या बाजूला जावं असं मला ठाम वाटतं.

त्या बाजूला तीन क्रियापदं आहेत आणि तिघांचा पोत वेगळा. भुरभुरणं हे पिठीसाखरेचं, वेलचीपुडीचं, म्हणजे भुकटीचं काम, पावसाची भुरभुर असते तसं. पखरण शब्द फार देखणा, पण तो फुलांची, चांदण्याची असते, स्वयंपाकघरात तो आला की आपण लेख लिहितोय असं वाटायला लागतं. आणि पेरणं. खोबरं-कोथिंबीर वरून पेरतात. पीठ पेरून भाजी करतात, आणि त्यात बेसन कसं चिमटीनं, थोडं थोडं, सगळीकडं, गुठळी होणार नाही अशा बेतानंच टाकायचं असतं. स्ट्रूसलचा दाणा वाटाण्याएवढा, हरभऱ्याएवढा असतो, तो भुरभुरत नाही, तो पेरलाच जातो. म्हणून मी घरात याला ‘पेरण’ म्हणते. पेरणी नाही, पेरा नाही, कारण पेरा म्हटलं की कापसाचा पेरा किती झाला हेच आपल्या लोकांना आठवणार. दळण, पुरण, वाटण, तसं पेरण. माझ्या आजीनं पहिल्यांदा तो केक बघून विचारलेलं, हाई काय शे वं वर? मी म्हटलं पेरण. तिनं मान हलवली आणि खाल्लं, परत काही विचारलं नाही. एवढं मला पुरे आहे.

पेरण करायची कृतीही सांगून टाकते, कारण कृतीतच मराठी शब्द लपलेत. १२० ग्रॅम मैदा, १०० ग्रॅम ब्राउन शुगर (गुळाची पावडरही चालते, पण ती जरा लवकर रंग धरते), २ चमचे दालचिनीपूड, चिमूटभर मीठ आणि ८० ग्रॅम थंडगार बटरचे तुकडे. इंग्रजी रेसिपीत बटर आत घासा असं काहीतरी येतं, आपण सरळ म्हणावं की मोहन चोळा. शंकरपाळ्याला मोहन घालून मुठीत पीठ दाबतो आणि मुटका वळला की बरोबर म्हणतो, इथंही तीच परीक्षा, मुटका वळायला हवा आणि बोटानं टोकलं की दाणे होऊन फुटायला हवा. नाही वळला तर बटर कमी, फुटलाच नाही तर जास्त, आणि जास्त असेल तर ओव्हनमध्ये दाणे न राहता वितळून सगळी साय पसरल्यासारखी होते. आपल्याकडं मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या आसपास जातो तेव्हा बोटांनीच बटर वितळतं, तर चोळून झाल्यावर वाडगं १५ मिनिटं फ्रीजरमध्ये ठेवा, दाणे टणक होतात. ज्यांना मोठे खडे आवडतात ते वितळलेलं बटर घेतात, त्याचे गोळे मोठे होतात, थंड बटरचं रवाळ होतं. तयार झाल्यावर ते खुसखुशीत हवं, कुरकुरीत नाही. कुरकुरीत म्हणजे बिबडा, दाताखाली आवाज करणारा, खुसखुशीत म्हणजे नानकटाई, जी तोंडात विरघळत तुटते. दिवाळीत रवा-मैदा, तूप, साखर डब्यात भरून बेकरीच्या भट्टीवर नानकटाई करून आणायला ज्यांनी रांग लावलीय त्यांना हा फरक समजावून सांगावा लागत नाही.

आता तुमचा खरा अवघड शब्द, मॉइस्ट. ओला म्हटलं की आपल्या जेवणात ते ताजं आणि न वाळवलेलं असतं, ओलं खोबरं, ओली हळद, ओले काजू, नाहीतर पाणी सांडलेलं. ओलसर म्हटलं की वाळत घातलेला आणि न वाळलेला कपडा, तुमच्या गिऱ्हाइकाला कच्चं वाटलं त्यात नवल नाही. दमट ही हवा असते. लुसलुशीत जवळ येतं पण पूर्ण नाही, कारण लुसलुशीत फक्त मऊपणा सांगतं, साधा स्पंज केकही लुसलुशीत असतो आणि दोन घासांत पाणी मागायला लावतो. मॉइस्ट केकात जाळी पण हवी आणि त्या जाळीच्या भिंतींनी ओल धरून ठेवलेली हवी.

यासाठी माझ्याकडं एक शब्द आहे, तो स्वयंपाकघरातला नाही, वावरातला आहे. वाफसा. पाऊस पडून गेला की काळ्या जमिनीत लगेच पेरता येत नाही, चिखल असतो, पाभर (पेरणीचं अवजार) चालत नाही. दोन-चार दिवस ऊन लागलं की माती अशी होते की आत ओल आहे पण पाणी नाही, ढेकळांच्या मध्ये हवा खेळतेय, पायाला चिकटत नाही. तो वाफसा. आमचे आप्पा चोपडा गावच्या शेतात माती मुठीत दाबायचे, गोळा वळला पाहिजे आणि खाली टाकला की फुटला पाहिजे, मग म्हणायचे वाफसा आला. घरात आई मोहनासाठी पीठ मुठीत दाबायची. दोघांची मूठ एकच होती हे मला फार उशिरा दिसलं. चांगल्या मॉइस्ट केकच्या पोटात वाफसा असतो, मी दुसऱ्या कुठल्या शब्दानं ते सांगूच शकत नाही.

तो वाफसा येतो कसा ते थोडक्यात. ११५ ग्रॅम बटर आणि १५० ग्रॅम साखर फेसून घ्यायची (तूप-साखर फेसणं हा आपला जुनाच शब्द), मग २ अंडी एकेक करून, थोडं व्हॅनिला, मग २५० ग्रॅम मैद्यात दीड चमचा बेकिंग पावडर, अर्धा चमचा सोडा, चिमूट मीठ चाळून ते, आणि १ कप घट्ट दही, आलटून पालटून. तिकडं सावर क्रीम घालतात, आपलं पाणी निथळलेलं दही तेच काम करतं, आंबटपणामुळे सोडा फुलतो आणि दह्याची घट्टाई मिश्रण जड ठेवते. मिश्रण जड असणं फार महत्त्वाचं, पातळ झालं तर वरची पेरण तळाला बुडते, चिखलात बी टाकल्यासारखी. मैदा पडल्यावर जास्त फेटायचं नाही, चिवट होतं. ८ इंची चौकोनी टिनमध्ये अर्धं मिश्रण, त्यावर थोडी पेरण, मग उरलेलं मिश्रण, वर बाकीची सगळी पेरण, दाबायची नाही. १८० अंशावर ४० ते ४५ मिनिटं. काडी घातली की दोन-चार ओले कण चिकटून यावेत, कोरडी ठणठणीत येईपर्यंत थांबलात की ओल गेली. आणि उन्हाळ्यात कापलेला केक पंख्याखाली उघडा ठेवू नका, आपली हवा तासाभरात त्याचा टोस्ट करते. झाकून ठेवलात तर आतलं दुसऱ्या दिवशी आणखी मुरतं, फक्त वरची पेरण सादळते, ती खायच्या आधी ५ मिनिटं गरम ओव्हनमध्ये ठेवली की परत खुसखुशीत होते.

कार्डावर मात्र वाफसा लिहू नका ताई, शेतकरी गिऱ्हाईक हसेल आणि शहरातल्याला कळणार नाही. मी असं लिहीन: ‘कॉफीसोबतचा दालचिनी केक. आतून लुसलुशीत, ओल धरलेला, वर खुसखुशीत पेरण.’ आणि खाली बारीक अक्षरात, केकमध्ये कॉफी नाही. ‘ओल धरलेला’ वाचून कोणी कच्चा म्हणतं का ते मला नक्की कळवा, कारण तिथं मी अजून शब्द शोधतेय.