एक कप शिया बटर म्हणजे नक्की किती ग्रॅम?

प्रश्न : ताई, माझी नणंद न्यू जर्सीला असते, तिने बॉडी बटरची (अंगाला लावायच्या घट्ट क्रीमची) रेसिपी पाठवलीय, १ कप शिया बटर (आफ्रिकेतल्या शिया झाडाच्या बियांचं घट्ट तेल) आणि अर्धा कप खोबरेल तेल. माझ्याकडे शियाचं पाकीट ५०० ग्रॅमचं आहे आणि ते दगडासारखं घट्ट, मग मी किसून कप भरला. तर सगळं एवढं पातळ झालं की डबीतून ओघळतंय. कपाचं वजन किती धरायचं? – एक वाचक, नाशिक

उत्तर : अगं, किसलंस तिथेच फसलीस. किसलेलं खोबरं वाटीत भरलं की मध्ये पोकळ्या राहतात ना, तसंच हे. तुझा कप भरलेला दिसला तरी शिया त्यात बरंच कमी गेलं, खोबरेल मात्र पुरेपूर पडलं, म्हणून ओघळ.

आता हिशोब. शिया पाण्यापेक्षा हलकं असतं, १ एमएलचं वजन साधारण ०.९१ ग्रॅम. नणंदेचा अमेरिकन कप २३७ एमएलचा, म्हणजे २१५ ग्रॅमच्या आसपास शिया घे. आपल्याकडे मेजरिंग कपांचे जे सेट मिळतात त्यातला कप कधी २४० तर कधी २५० एमएलचा असतो, २५० चा असेल तर तेच २२७ ग्रॅम होतं. टेबलस्पून १५ एमएल, म्हणजे साडेतेरा ग्रॅम. खोबरेल अर्धा कप म्हणजे १०८-१०९ ग्रॅम. थोडक्यात शिया दोन भाग आणि तेल एक भाग, हे प्रमाण वजनात सांभाळलं की कप कुठलाही असो, काही बिघडत नाही.

औंसाचं मात्र जपून हां. तिकडे कपाला ८ औंस म्हणतात ते मापाचे औंस, आणि काट्यावरचे ८ औंस म्हणजे २२७ ग्रॅम. दोन्हीचं नाव एकच, मी स्वतः यात एकदा गंडलेय.

आणि रेसिपीत शिया 'फेटलेलं' लिहिलंय का तेही नणंदेला विचारून घे, कारण फेटल्यावर हवा भरते आणि तोच कप निम्म्या वजनाचाही भरू शकतो.

कप नसेल तर घरातली वाटी चालेल. काट्यावर रिकामी वाटी ठेवून काटा झीरो कर आणि काठोकाठ पाणी भर, जितके ग्रॅम तितके एमएल. समजा १५० आलं तर त्या वाटीत दाबून भरलेलं शिया १३६-१३७ ग्रॅम बसेल. वितळवून मोजलंस तर किंचित कमी, ०.९० धर, गरम झालं की ते थोडं फुगतं.

बाकी एप्रिलमध्ये नाशिकला अचूक माप घेऊनही ते थोडं सैल होणारच, खोबरेल २४ डिग्रीला वितळतं आणि शियाही पस्तिशीच्या आसपास मऊ पडतं. उन्हाळ्यापुरतं थोडं तेल कमी करून तेवढं कोकम बटर घाल, आपलं मुठेल गं, आजी टाचांना लावायची ते. ते जास्त घट्ट असतं.

प्रश्न : साबणासाठी पण हेच चालेल का? मी २५० एमएल शिया घेऊन कॉस्टिक सोड्याचा हिशोब २५० ग्रॅमवर केला तर? – एक वाचक, सांगली

उत्तर : नको, अजिबात नको! बॉडी बटरमध्ये दहा-वीस ग्रॅम इकडेतिकडे झाले तर फार तर पातळ होईल, इथे कातडी जळेल. १ ग्रॅम शियाला साधारण ०.१२८ ग्रॅम कॉस्टिक लागतं. २५० वर हिशोब केला की ३२ ग्रॅम आलं, पण तुमचं शिया भरतंय २२७ ग्रॅमच, त्याला २९ पुरतं. म्हणजे ३ ग्रॅम कॉस्टिक मोकळं राहणार, आणि साबण करणारे सेफ्टी म्हणून उलट ५ टक्के कमीच घालतात. साबणात कप-चमचा हा विषयच नाही, तेल, कॉस्टिक, पाणी सगळं काट्यावर, आणि काटा १ ग्रॅमपर्यंत नीट दाखवणारा हवा. हातात ग्लोव्ह्ज, डोळ्यांना चष्मा, आणि कॉस्टिक पाण्यात टाकायचं, पाणी कॉस्टिकवर ओतायचं नाही.

प्रश्न : माझं शिया वितळवून थंड केलं की रवाळ होतं, खराब झालं का? – एक वाचक, पुणे

उत्तर : नाही हो, तुपाला रवा येतो तसंच आहे हे. हळूहळू थंड झालं की कण धरतं. पूर्ण वितळवा आणि डबी लगेच फ्रिजमध्ये ठेवा. वजनात काही फरक पडत नाही.