को-जनमधले हंगाम विद्यापीठात धरतात का? नऊ हंगाम काढलेल्याचं उत्तर

तुमची पोस्ट काल रात्री वाचली आणि माझीच जुनी फाईल कुणीतरी पुढ्यात टाकल्यासारखं झालं. तुमचं बी.ई. मेकॅनिकल, साखर कारखान्याच्या को-जनला (बगॅसवर, म्हणजे उसाच्या चिपाडावर, वाफ आणि वीज करणाऱ्या विभागाला) सहा गळीत हंगाम, त्यातच एनर्जीचं एम.टेक. उरकलेलं. आता विद्यापीठाच्या ऊर्जा-पर्यावरणाच्या जागेसाठी अर्ज करायचाय, पण तिथल्या स्टाफची यादी बघितली तर कुणी फिजिक्सचं, कुणी बॉटनीचं, कुणी केमिस्ट्रीचं. कारखान्यातनं आलेलं कुणीच दिसत नाही, मग आपली सहा वर्षं पाण्यात का, असं विचारलंय. मी त्याच वाटेनं आलोय, म्हणून लिहितोय. अर्ज, फी, पीएच.डी. या गोष्टी सोडून देतो, त्या तुम्हाला माहीत असणारच.

त्या यादीला बिचकू नका. पर्यावरण हा विषयच उशिरा आला, त्यामुळं माणसं इकडून तिकडूनच गोळा होणार. कोल्हापुरातच बघा, कुणी रंकाळा तलावातल्या केंदाळावर (जलपर्णीवर) काम करताकरता पर्यावरणवाला झाला, कुणी जयंती नाल्याचं पाणी बाटलीत भरून सीओडी (पाण्यातल्या प्रदूषणाचं एक माप) काढताकाढता. सुप्रीम कोर्टाच्या आदेशावरून पदवीला पर्यावरणाचा पेपर सक्तीचा झाला, यूजीसीनं (विद्यापीठ अनुदान आयोगानं) सहा महिन्यांचा अभ्यासक्रम २००३ मध्ये आणला. तो शिकवायला बऱ्याच ठिकाणी ज्याचे तास कमी भरत होते तो उभा राहिला. ऊर्जेचं आणखी वेगळं. नेटला, म्हणजे प्राध्यापकांच्या पात्रता परीक्षेला, पर्यावरणशास्त्र आहे, ऊर्जा नावाचा विषयच नाही. त्यामुळं सायन्सच्या दारानं फिजिक्सवाले येतात. शिवाजी विद्यापीठात तर थिन फिल्म आणि सोलर सेलवर कितीतरी वर्षं काम चाललंय. तुमच्या-माझ्यासारख्यांचं दार म्हणजे इंजिनिअरिंगचं, आणि तिथं नेट-सेट लागत नाही.

आता अनुभवाचं. सहायक प्राध्यापकाला तो जवळजवळ शून्य धरा. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत मुलाखतीला बोलवण्यासाठी गुणांचा तक्ता आहे. पीएच.डी.ला ३०, शिकवण्याच्या किंवा पोस्ट-डॉकच्या (पीएच.डी. नंतरच्या संशोधनाच्या) अनुभवाला वर्षाला २, जास्तीत जास्त १०. बॉयलर हाउसला त्यात रकानाच नाही. एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षण परिषदेच्या) निकषात सहायकाला बी.ई. आणि एम.ई. किंवा एम.टेक., दोन्हींपैकी एकात फर्स्ट क्लास, की झालं. अनुभवाची गरज पडते पुढं, सहयोगी प्राध्यापकाला. तिथं पीएच.डी. आणि अध्यापन, संशोधन किंवा उद्योग मिळून ८ वर्षं लागतात, त्यातली २ पीएच.डी. नंतरची. छापून आलेले रिसर्च पेपरही लागतात. म्हणजे आज ज्या कागदाकडं तुम्ही बघणारही नाही तो दहा वर्षांनी तुमचा पगार ठरवतो. मी इथंच आपटलो.

कारखाना सोडला तेव्हा टाइम ऑफिसमधून अनुभवाचा दाखला घेतला. नाव कुठल्याच कारखान्याचं घेत नाही, त्या भागात पाहुणे आहेत. दाखल्यासाठी पाच महिने खेटे घातले. 'साहेब मीटिंगला गेलेत', 'गळीत चालू हाय, नंतर या', 'स्टॅम्प कपाटात हाय आणि किल्ली साहेबांकडं'. शेवटी एका दुपारी मिळाला. गेटजवळ गाडीवर बसूनच घडी घातली, प्लॅस्टिकच्या फाईलीत सरकवला आणि सुटलो. वाचला नाही. नऊ वर्षं ज्या माणसानं दर तासाला लॉगबुकमध्ये स्टीमचं प्रेशर लिहिलं, त्यानं स्वतःचा पाच ओळींचा दाखला वाचला नाही!

चार वर्षांनी एके ठिकाणी सहयोगीच्या जागेला अर्ज केला. पीएच.डी. नंतरची तीन वर्षं शिकवणं झालं होतं, म्हटलं नऊ अधिक तीन, बारा, काळजीच नाही. छाननीच्या यादीत माझ्या नावापुढं 'अपात्र'. कारण विचारायला गेलो तर दाखला माझ्यापुढं धरून एका शब्दावर बोट ठेवलं : 'हंगामी'. मी पहिले तीन हंगाम हंगामी होतो, पुढं कायम झालो, बारा महिने पगार घेत होतो. पण कारखान्याच्या क्लार्कनं पहिल्याच ऑर्डरवरचा शब्द उचलून सगळ्या नऊ वर्षांना लावला. छाननीवाल्यांनी वर्षाला हंगामाचे पाचच महिने धरले. नऊ पंचे पंचेचाळीस महिने, त्यात शिकवण्याचे छत्तीस, एकूण ८१. लागत होते ९६. नीट दाखला असता तर पहिल्या तीन हंगामांचे १५, पुढच्या सहा वर्षांचे ७२ आणि हे ३६ मिळून १२३ भरले असते. दुरुस्त दाखल्यासाठी परत कारखान्यात गेलो तोवर जुने साहेब रिटायर, नवे म्हणाले रेकॉर्ड गोडाऊनमध्ये आहे. दुरुस्ती झाली, पण जागा गेली. ती जाहिरात पुन्हा निघायला किती वर्षं लागली हे लिहीत बसलो तर मॉडरेटर उत्तर उडवतील.

म्हणून सांगतो, दाखला नोकरीत असतानाच मागा, सोडल्यावर कुणी ओळख देत नाही. हुद्दा, कधीपासून कधीपर्यंत, वेतनश्रेणी, नेमणुकीचा प्रकार तारखांसह आणि कामाचं स्वरूप, हे सगळं लेटरहेडवर, जावक नंबरासकट. 'हंगामी कायम' (दर हंगामाला हक्कानं कामावर येणारे) असाल तर तसंच लिहून घ्या, नुसतं 'हंगामी' नको. ऑफ सीझनला टर्बाइनचं ओव्हरहॉलिंग, बॉयलरची हायड्रो टेस्ट तुम्हीच केली असेल, ते दाखल्यात यायलाच पाहिजे. पीएफचं पासबुकही काढून ठेवा. बंद काळातल्या रिटेन्शनवरही (कारखाना बंद असताना मिळणाऱ्या भत्त्यावरही) पीएफ कापायचा असतो, त्यामुळं बाराही महिन्यांच्या नोंदी दिसतील. समिती ते मानेल याची खात्री देत नाही, मी वकील नाही. नियम बदलत असतात, जाहिरातीचा मूळ मजकूर वाचा, माझ्यावर विसंबू नका.

जाता जाता दोन गोष्टी. बीईईची (केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोची) ऊर्जा लेखापरीक्षकाची परीक्षा दिली नसेल तर द्या. गुण कुणी देत नाही, पण कन्सल्टन्सीची कामं येतात आणि मुलाखतीत विषय निघतो. आणि 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस'च्या, म्हणजे उद्योगातल्या अनुभवी माणसांसाठीच्या प्राध्यापकपदाच्या, भरवशावर थांबू नका. त्याला १५ वर्षांचा, तोही वरच्या पदावरचा अनुभव लागतो, आणि जास्तीत जास्त चार वर्षांची नेमणूक. आपल्यासारख्या शिफ्ट इंजिनिअरसाठी ते नाही.

बाकी वर्गात मात्र आपण कमी पडत नाही. बगॅसमध्ये ५० टक्के ओलावा असतो हे पुस्तकातही आहे. पण मूठभर बगॅस आवळून, तळहात ओला झाला की नाही बघून 'आज मिलनं पाणी नीट काढलं नाही, भट्टी रडणार' असं सांगणारा मास्तर पोरांना कुठं मिळतो? मी दरवर्षी एक पोतं घेऊन जातो. पहिल्या वर्षी शिपायानं कचरा समजून टाकून दिलं होतं.

दाखल्यासाठी अर्जाचा मसुदा माझ्याकडं टाइप केलेला आहे. हवा असेल तर सांगा, पाठवतो. फक्त त्यात माझ्या बॉयलरचं प्रेशर आहे, तेवढं बदला.