गाडीच्या दाराच्या आतल्या प्लास्टिकवर बुटांचे काळे ओरखडे पडले असून साध्या पुसण्याने जात नाहीत. ते कसे काढावेत?

आधी डागावरून नख हलकेच फिरवून पाहावे. नख अडकले नाही, तर तो बहुधा ओरखडा नसून बुटाच्या तळव्याचे रबर प्लास्टिकला चिकटलेले असते आणि ते निघू शकते. कोमट पाण्यात गाडीच्या शाम्पूचे काही थेंब टाकून मऊ ब्रशने, प्लास्टिकच्या खडबडीत नक्षीत फेस जाईल अशा बेताने, गोलाकार घासावे आणि मायक्रोफायबरच्या ओल्या फडक्याने टिपून घ्यावे. माझ्या अनुभवात निम्मे डाग एवढ्यानेच जातात.

उरलेल्यांसाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल तितक्याच पाण्यात मिसळून, आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यात तपासून, फडक्यावर घेऊन पुसावे. मेलामाइनचा पांढरा स्पंजही उपयोगी पडतो, पण तो मुळात अतिशय बारीक पॉलिशपेपरसारखे काम करतो. म्हणून तो भिजवून, जोर न लावता, दोन-चार वेळाच फिरवावा. चकचकीत काळ्या पॅनेलवर मात्र तो अजिबात वापरू नये, कारण तिथे कायमचा धुरकटपणा येतो. थिनर, अ‍ॅसिटोन आणि पेट्रोल यांपासून कटाक्षाने दूर राहावे. त्यांनी प्लास्टिक मऊ पडते किंवा त्याचा रंग उडतो.

पांढरट ओरखडा असेल, तर तिथे प्लास्टिकच दबलेले असते. हेअर ड्रायर सतत हलता ठेवून थोडी ऊब दिल्यास तो पुष्कळदा फिका होतो, पण एअरबॅगच्या झाकणाजवळ हा उपाय करू नये.