आजच्या घरसजावटीतली कोणती फॅशन पुढच्या पिढीला जुनाट वाटेल?

माझ्या मते पहिला नंबर राखाडी रंगाचा. भिंती राखाडी, फरशी राखाडी, सोफाही राखाडी. १९७० च्या दशकात अमेरिकेत फ्रिज आणि शेगड्या अवोकाडोसारख्या हिरव्या रंगात मिळायच्या. आज तो रंग दिसला की घर कधी सजवलंय ते लगेच ओळखू येतं. २०१० नंतरच्या राखाडीचंही तेच होणार.

दुसरं म्हणजे फॉल्स सीलिंगच्या खोबणीत लपवलेल्या एलईडी पट्ट्या. नव्या असताना खोली खरंच सुंदर दिसते. पण काही वर्षांनी पट्टीचा एखादा तुकडा बंद पडतो, नवा आणून लावला तर त्याचा पांढरा उजेड शेजारच्या पिवळसर पडलेल्या उजेडाशी जुळत नाही, आणि शिडीवर चढून बघितलं की खोबणीत धुळीचा थर साचलेला असतो. दुरुस्ती इतकी किचकट की बरेच जण ती पट्टी कायमची बंदच ठेवतात. टीव्हीमागच्या उभ्या खाचांच्या पॅनेलचंही तसंच, एकेक खाच ब्रशने साफ करत बसावं लागतं.

ओपन किचनबद्दल मात्र मी ठामपणे सांगणार नाही. १९२६ मध्ये ऑस्ट्रियन वास्तुविशारद मार्गारेटे श्युट्टे-लिहोत्स्की यांनी जर्मनीतल्या फ्रँकफर्टच्या घरांसाठी आखलेलं स्वयंपाकघर मुद्दाम छोटं आणि वेगळं ठेवलं होतं. नंतर स्वयंपाकघर आणि बैठकीच्या खोलीतल्या भिंती काढल्या गेल्या आणि ओपन किचन आलं. पण घरातच ऑफिसचं काम करणाऱ्यांना मिक्सरचा आवाज नकोसा होतो, त्यामुळे निदान सरकतं काचेचं दार तरी परत येईल असं मला वाटतं.