बँकेचा चेक, शर्टाचा चेक आणि राजाला शह

प्रश्न: बँकेचा चेक, चौकड्यांचा चेक शर्ट, विमानतळावरचं चेक-इन, डॉक्टरकडचं चेकअप आणि बुद्धिबळातला चेक. हे वेगवेगळे शब्द योगायोगाने सारखे दिसतात की एकच शब्द एवढी सगळी कामं करतो?

एकच शब्द आहे हो. आणि तो मुळात इंग्रजी नाहीच, फारसी आहे. शाह म्हणजे राजा. बुद्धिबळात समोरच्याच्या राजावर हल्ला झाला की "शाह!" असं ओरडून सांगायची पद्धत होती, म्हणजे बाबा रे तुझा राजा धोक्यात आहे, सांभाळ. हा खेळ आपल्याकडचा चतुरंग, तो इराणात गेला तिथे चतरंग झाला, अरबांकडे शतरंज झाला आणि अरबांबरोबर युरोपात पोचला, आणि खेळासोबत ही आरोळीही गेली. लॅटिनवाल्यांनी तिचं स्काकुस केलं, जुन्या फ्रेंचमध्ये एशेक झालं आणि साधारण १३०० च्या सुमारास इंग्रजीत सुरुवातीचा ए गळून नुसतं चेक उरलं. चेस हा शब्दसुद्धा वेगळा नाही बरं का, त्याच फ्रेंच शब्दाचं अनेकवचन आहे. म्हणजे चेस आणि चेक हे एकाच घरातले, एक अनेकवचनी आणि एक एकवचनी, एवढाच फरक.

आता राजाला शह बसला की काय होतं? डावातली बाकीची सगळी कामं थांबतात, आधी राजाला वाचवायचं. त्यामुळे चेकचा अर्थ अडवणं, रोखणं, लगाम घालणं असा झाला. आइस हॉकीत अंगावर जाऊन अडवतात त्यालाही चेकच म्हणतात. मग कुणाला रोखून धरायचं म्हणजे त्याच्यावर नजर ठेवणं आलं, नजर ठेवायची म्हणजे तो करतोय ते बरोबर आहे का हे पडताळणं आलं, आणि सतराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत तपासून बघणं हा आजचा अर्थ रूढ झाला. चेकअप, चेक-इन, चेकपॉइंट ही सगळी मंडळी त्यानंतरची.

चौकड्यांचा शर्ट मात्र दुसऱ्या वाटेने आला. तिथे आरोळीचा संबंध नाही, पटाचा आहे. बुद्धिबळाच्या पटाला फ्रेंचमध्ये एशेकिये म्हणायचे, त्यावरून पटासारखी चौकट दिसली की ती चेकर आणि पुढे नुसतं चेक.

प्रश्न: ब्रिटनच्या अर्थमंत्र्याला चॅन्सलर ऑफ द एक्सचेकर म्हणतात. त्यातल्या चेकरचा या सगळ्याशी संबंध आहे का?

आहे, आणि मला विचाराल तर अख्ख्या गोष्टीतला हाच भाग सगळ्यात भारी आहे. बाराव्या शतकात इंग्लंडच्या राजाचे शेरीफ, म्हणजे आपापल्या भागाचा महसूल गोळा करणारे अधिकारी, वर्षातून दोनदा एक्सचेकर नावाच्या राजाच्या हिशोबखात्यात हिशोब द्यायला यायचे. हिशोब व्हायचा एका मोठ्या टेबलावर, अंदाजे दहा फूट लांब आणि पाच फूट रुंद, कडेला चार बोटं उंच काठ, म्हणजे वरच्या सोंगट्या खाली घरंगळू नयेत. त्यावर काळं कापड अंथरायचे आणि कापडावर रेघा मारून रकाने पाडलेले. पेन्सचा रकाना, शिलिंगचा रकाना, पौंडाचा, विसाचा, शंभराचा, हजाराचा. रोमन आकड्यांत बेरीज-वजाबाकी म्हणजे डोक्याला ताप, त्यापेक्षा सोंगट्या सरकवलेल्या बऱ्या, आणि वाचता न येणाऱ्यालाही समोर दिसतं की आपली किती बाकी आहे.

त्या काळचा राजाचा खजिनदार रिचर्ड फिट्झनील याने ११७० च्या दशकाच्या अखेरीस या खात्याच्या कारभारावर लॅटिनमध्ये एक संवादरूपी पुस्तक लिहायला घेतलं. त्यात तो म्हणतो की हे टेबल बुद्धिबळाच्या पटासारखं दिसतं म्हणून खात्याला हे नाव, आणि शिवाय इथेही दोघांची लढाईच चालते, एका बाजूला खजिनदार आणि दुसऱ्या बाजूला शेरीफ. सरकारी अधिकाऱ्याने आपल्या ऑफिसचं इतकं झकास वर्णन क्वचितच केलं असेल! शब्दाच्या सुरुवातीचा एक्स मात्र उगाच चिकटलाय, फ्रेंचमधला एस बघून नंतरच्या लोकांना वाटलं हा लॅटिनमधला एक्सच असणार.

पावती म्हणून तेव्हा कागद नव्हे तर खाचा पाडलेली काठी द्यायचे. हजार पौंडाला तळहाताएवढी रुंद खाच, शंभराला अंगठ्याएवढी, वीसला करंगळीएवढी आणि एका पौंडाला पिकलेल्या सातूच्या दाण्याएवढी. मग काठी उभी चिरून अर्धी याच्याकडे अर्धी त्याच्याकडे, दोन्ही भाग जुळले तर व्यवहार खरा. ही पद्धत १८२६ पर्यंत चालली, आणि १६ ऑक्टोबर १८३४ ला साठलेल्या जुन्या काठ्या पार्लमेंटच्या भट्टीत जाळायला घेतल्या तर त्या आगीत पार्लमेंटची बरीचशी इमारतच खाक झाली.

प्रश्न: मग बँकेच्या चेकचं ब्रिटिश स्पेलिंग वेगळं का? अमेरिकन लोक तर हॉटेलच्या बिलालाही चेक म्हणतात.

बँकेचा चेक आला तो पडताळण्याच्या अर्थातून. आधी चेक म्हणजे खुद्द कागद नव्हता, जोडीला ठेवलेलं स्थळप्रत म्हणा किंवा काउंटरफॉईल म्हणा ते होतं, त्याच्याशी जुळवून खरंखोटं बघायचे. मग नाव तिथून सरकून पैसे काढायच्या कागदालाच बसलं. ब्रिटिशांनी एक्सचेकरकडे बघून शेवटी क्यू-यू-ई लावलं, अमेरिकनांनी साधं सी-के ठेवलं आणि माझ्या मते त्यांचंच शहाणपणाचं, कारण चेकबुक आणि चेकलिस्ट यात गोंधळ कुणाचा होणारे?

अमेरिकेतलं बिल, कोट किंवा सामान ठेवल्यावर मिळणारा बिल्ला, हे सगळे त्याच जुळवून बघायच्या चिठ्ठीचे प्रकार. तिथे बेसबॉलची मॅच पावसाने रद्द झाली की पुढच्या मॅचला चालणारी चिठ्ठी द्यायचे, १८८० च्या दशकात हे सुरू झालं, तिला रेन चेक म्हणत. म्हणून आजही कुणी तुमच्या आमंत्रणावर रेन चेक घेतो म्हणाला तर छत्री शोधू नका, तो आज नको पुन्हा कधीतरी असं म्हणतोय.

प्रश्न: चेकमेटमधला मेट म्हणजे दोस्त का?

अजिबात नाही. तो आहे शाह मात मधला मात. अरबीत धरला तर राजा मेला, फारसीत धरला तर राजा हतबल झाला, आणि खेळात राजाला कुणी मारत नाही फक्त कोंडतात, म्हणून मला दुसरा अर्थ जास्त पटतो. दोस्तवाला मेट जर्मन बाजूने आलाय, एकत्र जेवणारा असा त्याचा मूळ अर्थ. आणि आपण मराठीत शह देतो, काटशह देतो, कुणावर मात करतो, तेही सगळं याच पटावरून उचललेलं. रशियन लोक तर आख्ख्या खेळालाच शाखमाती म्हणतात. शाह आणि संस्कृतातलं क्षत्र, ज्यावरून क्षत्रिय, यांचं मूळही एकच, सत्ता गाजवणं.

प्रश्न: आणि चेक प्रजासत्ताक?

त्याचा काही संबंध नाही. ते त्या लोकांचं स्वतःचं नाव, त्यांच्या उच्चारात चेख, दंतकथेप्रमाणे त्यांना रझिप नावाच्या डोंगरापाशी घेऊन आलेल्या मूळ पुरुषाचं. इंग्रजांनी स्पेलिंग पोलिश पद्धतीचं उचललं म्हणून ते सुरुवातीला सी-झेड असं विचित्र दिसतं.