पाटी नसलेले पिलर ड्रिल
(वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे)

प्रश्न : बंद पडलेल्या वर्कशॉपमधून जुने पिलर ड्रिल (उभ्या खांबावरचे भोके पाडायचे मशीन) भंगाराच्या भावात मिळाले. पाटी नाही, रिव्हेटची दोन छिद्रे तेवढी दिसतात. विकणारा 'इंग्लंडचे' म्हणतो. खरे कसे ओळखावे? (इचलकरंजी)

बेल्ट गार्डच्या आत, टेबलाच्या खालच्या अंगाला आणि हेडच्या मागे बघा. ओतकामातच उठवलेली अक्षरे किंवा आकडे बहुधा तिथे असतात, रंगाच्या आणि लांबीच्या (पुट्टीच्या) थराखाली दडलेले. तो थर वायर ब्रशच्या चाकाने उडवू नका. जुन्या रंगात शिसे असण्याची शक्यता धरून ओल्याने खरवडा आणि मास्क लावा.

मग अर्ध्या इंचाचा एखादा मूळ बोल्ट काढून इंचात आटे मोजा. १२ आले तर व्हिटवर्थ (ब्रिटिश आटे), १३ आले तर अमेरिकन. त्याहून बारीक बोल्टवर वेळ घालवू नका; १/४, ५/१६ आणि ३/८ इंचाला दोन्हीकडे आट्यांची संख्या सारखीच असते. कॉलमचा (उभ्या खांबाचा) व्यासही घ्या. ६९.८५ मि.मी. म्हणजे पावणेतीन इंच, ७० आले तर मेट्रिक. हे मोजायला मायक्रोमीटर किंवा चांगला व्हर्निअर हवा, टेप चालणार नाही.

पण व्हिटवर्थ आटे निघाले म्हणून मशीन इंग्लंडचे ठरत नाही. आपल्याकडे मेट्रिकचा कायदा १९५६ चा, तरी कारखान्यांत व्हिटवर्थ त्यानंतरही बरेच दिवस चालले आणि परदेशी मशीनच्या नकला तर सर्रास ओतल्या गेल्या. मोटरच्या पाटीवर अजिबात जाऊ नका, मोटर बदललेली असू शकते. आमचे मत विचाराल तर मेक सापडला तर उत्तम, न सापडला तरी अडत नाही. बेअरिंग, बेल्ट आणि चक (ड्रिल बिट धरणारे तोंड) नावाने मागायचे नसतात, मापाने मागायचे असतात.

प्रश्न : जुन्या पिलर ड्रिलवर १० मि.मी.च्या ड्रिल बिटने भोक १०.४ पडते. चक डोळ्यांना हललेला दिसतो. स्पिंडल (चक फिरवणारा दांडा) वाकला असेल का? (नाशिक)

आधी कोरे करकरीत ड्रिल बिट लावून बघा. ग्राइंडरवर हाताने धार लावताना एक ओठ (टोकाची कापणारी धार) लांब राहिला की ठणठणीत मशीनवरही भोक मोठेच पडते. तरी फरक पडला नाही तर मॅग्नेटिक बेसवर डायल गेज (बारीक हालचाल दाखवणारे काट्याचे माप) लावा आणि याच क्रमाने जा.

बेल्ट काढा, क्विल (स्पिंडलला घेऊन वर-खाली होणारी नळी) ५० मि.मी. खाली आणा आणि हाताने आडवी ढकला. काटा ०.१ मि.मी.पेक्षा जास्त हलला तर क्विल किंवा हेडचे भोक झिजले आहे. हेडला चीर आणि आवळायचा बोल्ट असेल तर थोडे आवळून फरक पडतो. तसे नसेल तर हेडचे भोक होन करून (घासून गुळगुळीत करून) नवी क्विल बनवावी लागते आणि तो खर्च मशीनच्या किमतीपुढे जातो. खरेदीआधी एवढी एक तपासणी केली तरी पुष्कळ पैसे वाचतात. क्विल घट्ट असून आतला स्पिंडल तिच्यात हलत असेल तर बेअरिंग गेले, ते स्वस्तात होते.

आता चक काढा. स्पिंडलला आडवी खाच असेल तर मोर्स टेपर (ठरावीक उताराची निमुळती बैठक). खाचेत ड्रिफ्ट (चपटी पाचर) घालून हलका ठोका द्यायचा. खाच नसेल तर चकच्या मागे दोन पाचरी समोरासमोरून ठोकायच्या. उघड्या टेपरवर गेजचे टोक टेकवून स्पिंडल हाताने फिरवा. ०.०३ पर्यंत असेल तर स्पिंडलला दोष देऊ नका. मोर्स आर्बर (चक आणि स्पिंडल जोडणारा निमुळता दांडा) अर्धा फेरा फिरवून परत बसवा. त्याआधी काटा सर्वात जास्त सरकतो त्या उंच जागेवर खडूची खूण करा; नंतर उंच जागा चकबरोबर फिरली म्हणजे दोष चकचा किंवा आर्बरचा, स्पिंडलबरोबर राहिली म्हणजे स्पिंडलचा. चकमध्ये ग्राउंड पिन (अचूक घासलेली सरळ कांडी) धरून जबड्यांखाली इंचभर अंतरावर ०.१ मिळाले तर सामान्य कामाला पुरे.

नवा चक घेताना टेपर मोजा. जेकब्स ३३ चे मोठे टोक १५.८५ मि.मी., बी१६ चे १५.७३ आणि जेकब्स ६ चे १७.१७. पहिले दोन एकमेकांवर 'बसले' असे वाटते, पण उतार वेगळा असल्याने एका टोकालाच टेकतात आणि काम करताना चक गळून पडतो. जुन्या जेकब्स चकवर ३४-३३ किंवा ३४-०६ असे कोरलेले असेल तर शेवटचे दोन आकडे टेपरचे.

बेअरिंगवरचा नंबर वाचा. ६२०३ असेल तर १७ × ४० × १२, कुठेही मिळेल. जुन्या ब्रिटिश मशीनमध्ये इंची आरएलएस ५ निघू शकते, त्याचा बाहेरचा व्यास ३९.६९ आणि भोक १५.८८. तिथे ४० चे बेअरिंग हातोड्याने घुसवायचा मोह आवरा. स्पिंडलवर चढवताना आतल्या कड्यावर आणि क्विलमध्ये बसवताना बाहेरच्या कड्यावरच दाब द्या. उलटे केले तर गोळ्यांचे ठसे रेसवर (गोळ्या फिरतात त्या खोबणीवर) उमटतात आणि नवे बेअरिंग पहिल्या दिवसापासून गुरगुरते. मशीन रिकामे फिरताना वर खडखडाट येत असेल तर तो बहुतेक स्प्लाइनचा (स्पिंडल आणि पुली जोडणाऱ्या खाचांचा) असतो, ग्रीसने दबतो.

प्रश्न : समुद्राजवळ राहतो. बिडाचे टेबल आणि हँडलचे भाग गंजले आहेत. ॲसिड वापरू का? (रत्नागिरी)

नको, ते बिडाच्या छिद्रांत राहते आणि गंज परत येतो. प्लॅस्टिकच्या बादलीत २० लिटर पाण्याला १०० ग्रॅम धुण्याचा सोडा घ्या. १२ व्होल्टच्या चार्जरची निगेटिव्ह तार भागाला आणि पॉझिटिव्ह साध्या लोखंडी पत्र्याला जोडा, दोन्ही एकमेकांना लागू देऊ नका. स्टेनलेसचा पत्रा नकोच, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरते. हायड्रोजन निघतो, म्हणून उघड्यावर करा. ॲल्युमिनियमच्या पुल्या, बेअरिंग आणि क्विल परत खेचणारी स्प्रिंग यात बुडवू नका. त्या स्प्रिंगची डबी उघडताना तर नट एकदम काढू नका. पकडून सावकाश सैल होऊ द्या, नाहीतर बोटे फाटतील.

बाहेर काढलेल्या भागावर काही मिनिटांत पिवळा गंज धरतो. गरम पाण्याने धुवा, लगेच पुसून तेल लावा. कॉलम तेल आणि बारीक पॅडने घासला तरी पुरे. टेबलावर पेस्ट वॅक्स लावा.

प्रश्न : मोटर थ्री फेज अर्धा एचपीची आहे, घरी सिंगल फेज. (पुणे)

आधी ५०० व्होल्ट मेगरने (इन्सुलेशन तपासायच्या मीटरने) वाइंडिंग तपासा, एक मेगओहमच्या खाली असेल तर रिवाइंडिंगवाल्याकडे न्या. एवढ्या मोटरा ४१५ व्होल्टला बहुधा स्टारमध्ये (तीन वाइंडिंगची एकेक टोके एकत्र जोडलेली) असतात. डब्यात सहा टोके असतील तर पट्ट्या बदलून डेल्टा (वाइंडिंग एकमेकांना त्रिकोणात जोडणे) करा आणि २३० व्होल्टचा व्हीएफडी (सिंगल फेजवरून थ्री फेज देणारे, वेग बदलणारे यंत्र) लावा. तीनच तारा बाहेर आल्या असतील तर स्टारचा सांधा आत दडलेला आहे, तो वाइंडरने बाहेर काढून दिला पाहिजे. जुना स्विच व्हीएफडी आणि मोटरच्या मध्ये ठेवू नका. मशीनला अर्थिंग द्याच.

व्हीएफडी आला म्हणून बेल्ट बदलायचा कंटाळा करू नका. २५ हर्ट्झच्या खाली ताकद आणि थंडावा दोन्ही कमी पडतात. माइल्ड स्टीलला साध्या एचएसएस ड्रिलने मिनिटाला २५ मीटर धरले तर १० मि.मी.ला सुमारे ८०० फेरे, २० मि.मी.ला ४००. लाकूडकामासाठी बनलेल्या मशीनचा सर्वात सावकाश वेगही बऱ्याचदा मोठ्या ड्रिलला जास्तच असतो.

प्रश्न : टेबलाला ड्रिलचे खड्डे पडलेत. वेल्डिंग करू का? (कोल्हापूर)

करू नका. बिडाला ते तडा देऊ शकते, आणि वाकलेले टेबल खड्ड्यांपेक्षा वाईट. वर १८ मि.मी. प्लायवूड बोल्टने बसवा, खड्डे तसेच राहू द्या.