अनोळखी लोकांना आपली आरव्ही भाड्याने द्यावी का?

तुम्ही लिहिलंय की कॅलिफोर्नियात फ्रीमॉन्टला राहता, २५ फुटी क्लास सी आरव्ही (ट्रक-व्हॅनच्या सांगाड्यावर बांधलेलं चालतं-फिरतं घर) घेतलीत, वर्षातून जेमतेम तीन आठवडे तिच्यातून फिरता आणि बाकीचे महिने ती स्टोरेजचं भाडं खात उभी असते. हप्ता चालूच आहे. मग आरव्हीशेअर, आउटडोअर्सी असल्या साइटवर टाकून परक्यांना द्यावी का?

मी सॅक्रामेंटोजवळ राहतो. आमची साधारण तुमच्याएवढीच, फोर्ड ई-४५० च्या सांगाड्यावरची. सलग तीन उन्हाळे भाड्याने दिली. माझं मत विचाराल तर द्या, पण वर्षाला १४ दिवसांच्या वर नको. हा आकडा मनाचा नाही, खाली सांगतो.

पहिला फोन विमावाल्याला करा. आपली घरगुती पॉलिसी गाडी भाड्याने गेली की सहसा लागू होत नाही, आणि न सांगता दिलीत तर पॉलिसी रद्दही होऊ शकते. साइटचा विमा त्या ट्रिपपुरता असतो, त्यात दुसऱ्याच्या नुकसानीसाठी मोठं कव्हर मिळतं. पण मला जो मिळाला त्यात आतलं काहीच नव्हतं. सोफ्याला भोक पडलं, कपाटाचं दार निखळलं, पडदा फाटला, हे सगळं अनामत रकमेतून. कर्जाचे कागदही वाचा. काही बँका गाडी भाड्याने द्यायला मनाई करतात आणि ते कलम कुठेतरी आत बारीक अक्षरात असतं.

आता पैसे. पहिल्या उन्हाळ्यात ३४ रात्री गेली, रात्रीला १७५ डॉलर. झाले ५,९५०. साइटने आपला चौथा हिस्सा कापून घेतला (एके काळी चौथाई आपण वसूल करायचो!), हातात साडेचार हजारांना थोडे कमी आले. वाईट नाही. पण त्याच वर्षी सहा टायर बदलले. त्यांची नक्षी शाबूत होती, वय झालं होतं. आरव्हीचा टायर झिजण्याआधी म्हातारा होतो. बाजूवर डॉटचा (अमेरिकेच्या वाहतूक खात्याचा) कोड असतो, त्याचे शेवटचे चार आकडे बघा: ३११७ म्हणजे २०१७ चा ३१ वा आठवडा. आपण स्वतः चालवताना एखादं वर्ष ढकलतो, पण परकं कुटुंब आत बसवून पाठवताना ढकलता येत नाही.

आणि खरी किंमत रविवारची. गाडी द्यायला दीड तास, घ्यायला एक तास, मग सफाई. येणाऱ्या बहुतेकांनी ११ फूट उंच काही कधी चालवलेलं नसतं. मी डॅशबोर्डवर उंचीची पट्टी चिकटवली होती, तरी एक जण बर्गरच्या ड्राइव्ह-थ्रूमध्ये घुसलाच. त्याहून जास्त ओरखडे मागच्या बुडामुळे पडतात. मागच्या चाकांच्या मागे बराच भाग लटकत असतो. पेट्रोल भरून झाल्यावर माणूस पंपापासून सरळ बाहेर न पडता लगेच वळवतो आणि शेपूट खांबाला लागतं.

सगळ्यात घाण प्रकरण ब्लॅक टँकचं, म्हणजे मैल्याच्या टाकीचं. कॅम्पग्राउंडला सीवरची, म्हणजे गटाराची जोडणी मिळाली की लोक झडप तीन दिवस उघडीच ठेवतात. पाणी वाहून जातं आणि उरलेलं आत साचून वाळतं. ते मग काय काय करून काढावं लागतं हे जेवणाच्या वेळी वाचत असाल म्हणून लिहीत नाही. झडप बंदच ठेवायची, टाकी बरीच भरली की उघडायची. आधी ब्लॅक, मग ग्रे (सिंक आणि अंघोळीच्या पाण्याची टाकी), म्हणजे साबणाच्या पाण्याने पाइप धुऊन निघतो. हे मी प्रत्येकाला करून दाखवायचो, आणि संडासात ओले वाइप्स टाकणार नाही हे तोंडून वदवून घ्यायचो.

वासाची धास्ती असेल तर सोडून द्या. परक्यांपैकी कोणी माझ्या गाडीत वास ठेवून गेलं नाही. फोडणी दिली की धुराचा अलार्म वाजतो, तो आम्हीच वाजवतो.

दुसऱ्या वर्षी एकाने ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यासाठी मागितली. कुठे जाणार विचारलं तर 'नेवाडात जरा कॅम्पिंग'. मी भोळा. तो गेला बर्निंग मॅन नावाच्या मोठ्या मेळ्याला, ब्लॅक रॉकच्या वाळवंटात. तिथली धूळ टाल्कम पावडरसारखी बारीक आणि क्षारयुक्त. गाडी बाहेरून धुऊन चकचकीत परत आली. एसी लावला की दिवाळीपर्यंत पांढरं काहीतरी उडत होतं. बिजागऱ्या आणि खिडक्यांच्या खाचा अजूनही करकरतात.

तेव्हापासून मी १४ दिवसांवर आलो. अमेरिकेच्या फेडरल कर नियमात झोपायची, स्वयंपाकाची, संडासाची सोय असलेली आरव्ही राहतं घर धरता येते. तिचा स्वतःचा वापर वर्षात १४ दिवसांहून जास्त असेल आणि भाड्याने १५ दिवसांपेक्षा कमी दिली असेल, तर ते भाडं उत्पन्नात दाखवावं लागत नाही. भाड्यापोटीचा खर्चही वजा करता येत नाही, हे ओघाने आलंच. तुमचे तीन आठवडे यात बसतात. तरी तुमच्या सीपीएला, म्हणजे कराचं काम बघणाऱ्या अकाउंटंटला एकदा विचारा. शिवाय दोनच ट्रिप असल्या की माणूस निवडता येतो. ज्याने आधी कधी आरव्ही घेतलीय आणि जो नेमकं कॅम्पग्राउंड सांगतो, त्यालाच मी देतो. योसेमिटी नॅशनल पार्कला जाणारा 'जनरेटर किती वाजता लावता येतो' असं विचारतो, तेव्हा मी निम्मा होकार देऊन टाकतो. तिथे कॅम्पसाइटवर विजेची जोडणी नसते आणि जनरेटरच्या वेळा ठरलेल्या असतात, हे त्याने वाचलेलं असतं.

परत आली की शिडीने छतावर चढून सांध्यांचं सीलंट बघा, झाडाची फांदी घासलेली असली तर पहिल्या पावसात कळतं. आणि लिस्टिंग टाकाल त्याच दिवशी लेबर डेच्या (सप्टेंबरचा पहिला सोमवार) आधीचा आठवडा कॅलेंडरवर बंद करून टाका, बर्निंग मॅन तेव्हाच असतो.